शुगर आहे, पण रक्त किती आहे?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी, सायंकाळच्या हरिपाठानंतर झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या निमित्तानं चार शब्द बोलायला आम्हाला उभं केलं, हा आपला मोठेपणा. कीर्तन-प्रवचनाचा अधिकार आमचा नव्हे. आम्ही दिंडीबरोबर औषधांची पेटी घेऊन चालणारी माणसं. आमची सेवा म्हणजे पायाचे फोड, ताप, जुलाब, बीपी आणि शुगर.

व्यवस्थापक मंडळींनी सांगितलं, "शुगरवर बोला." पण शुगरवर आपण सगळ्यांनीच पुष्कळ ऐकलंय. गोड कमी करा, भात कमी करा, रोज चाला. आता वारकऱ्याला चालायला काय सांगायचं? म्हणून आज आम्ही शुगरच्या शेजारी दबा धरून बसणाऱ्या एका दुखण्यावर बोलणार आहोत. अंगातलं रक्त कमी होणं, म्हणजे रक्तक्षय. डॉक्टर त्याला ॲनिमिया म्हणतात.

शुगरवाल्या माणसात हे दुखणं सापडत नाही, कारण त्याला कुणी शोधतच नाही. माणूस थकला की घरचे म्हणतात, "शुगर वाढली असेल." धाप लागली की म्हणतात, "वय झालं." पायाला मुंग्या आल्या की म्हणतात, "शुगरमुळं होतंच." बाईमाणूस असेल तर आणखी सोपं उत्तर तयार असतं, "बायकांचं रक्त कमीच असतं." सगळ्या तक्रारी शुगरच्या खात्यावर जमा होतात, आणि रक्त खाली खाली उतरत राहतं.

हे किती जणांना असेल? २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आणि २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींना आणि शंभर पुरुषांमागे २५ जणांना रक्तक्षय आढळला. ही दोन्ही दुखणी एवढी पसरलेली असताना ती एकाच अंगात भेटणार नाहीत तर काय? त्यात शुगर स्वतःच रक्त कमी करायला तीन-चार वाटांनी मदत करते. त्या वाटा नीट कळाव्यात म्हणून आधी रक्ताचं काम काय ते बघू.

आपल्या दिंडीबरोबर पाण्याचा टँकर चालतो. टँकर वेळेवर आला तर दिंडी सुखात. दोन टँकरच्या जागी एकच आला तर? दिंडी लगेच थांबत नाही. चालते, पण ओढत ओढत. मागच्यांना पाणी मिळत नाही, कुणाला घेरी येते, कुणी सावलीला बसतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे असे लहान लहान टँकर. छातीतून प्राणवायू भरून घ्यायचा आणि डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचा. त्या पेशीत प्राणवायू धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. एक पेशी साधारण १२० दिवस काम करते आणि मग मोडीत निघते. म्हणजे नवीन टँकर रोज तयार व्हावेच लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की मोठ्या पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं, तर तो रक्तक्षय धरायचा. ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र. हे आकडे पाठ करा, माउली. आपली शुगर किती हे सगळे पटकन सांगतात. जेवणाआधीची वेगळी, जेवणानंतरची वेगळी. पण "तुमचं रक्त किती?" असं विचारलं की मंडळी एकमेकांकडं बघतात.

आता मुख्य गोष्ट. टँकर कमी का पडले, हे शोधल्याशिवाय उपाय करता येत नाही. कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिलं कारण, लोखंड कमी. टँकर बांधायला पत्राच नाही. हे सर्वांत जास्त दिसतं. आहारात लोह कमी, किंवा खाल्लेलं अंगी लागत नाही, किंवा कुठून तरी रक्त गळतंय. बायकांची पाळी जास्त जात असेल तर तिथून जातं. पण पाळी थांबलेल्या बाईच्या किंवा पुरुषाच्या अंगात लोह कमी झालं, तर ते कुठं जातंय हे शोधलंच पाहिजे. मूळव्याध असेल, पोटात व्रण असेल, आतड्याची गाठसुद्धा असू शकते. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाच्या कातडीतून आकडीच्या तोंडाचे बारीक जंत आत शिरतात, आतड्याला चिकटतात आणि थोडं थोडं रक्त पीत राहतात. म्हणून शेतात, परसाकडंला जाताना पायात चप्पल असू द्या. शुगरवाल्यानं तर घरातसुद्धा अनवाणी फिरू नये.

इथं वारीतल्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलतो. गुडघा दुखला की आपण शेजारच्या माउलीच्या पिशवीतली गोळी मागून घेतो. तीही माउली प्रेमानं देते. सकाळी एक, संध्याकाळी एक, असं पंधरा-अठरा दिवस चालतं. या वेदनाशामक गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला व्रण पाडू शकतात आणि तिथून रक्त झिरपतं. दुखत नाही, दिसत नाही. संडास डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर समजायचं, आत रक्त जातंय. (लोहाच्या गोळ्या चालू असताना संडास काळपट होते, ते वेगळं.) शिवाय उन्हात चालून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना याच गोळ्या मूत्रपिंडालाही मारक ठरतात. शुगरवाल्याची किडनी आधीच नाजूक असते. म्हणून गुडघा दुखला तर तेलाचा हात फिरवा, पट्टा बांधा, शेकून घ्या, आमच्याकडं या. मागून आणलेली गोळी घेऊ नका आणि प्रेमानं देऊही नका.

दुसरं कारण आहे बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता. हे आपल्या वारकरी मंडळींसाठी फार महत्त्वाचं आहे, म्हणून सावकाश ऐका.

बी-बारा हे मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं. भाजीपाल्यात, धान्यात ते नसल्यातच जमा. आपण माळकरी. म्हणजे आपल्याला ते दूध, दही, ताक, पनीर एवढ्यातूनच मिळणार. आता घरचं दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं, ही गावोगावची गोष्ट आहे. त्यावर शुगरची गोळी. शुगरवर सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे, गुणाची आहे. पण वर्षानुवर्षं घेतली की काही जणांत बी-बारा आतड्यातून अंगात शोषलं जाणं कमी होतं. नेदरलँड्समध्ये ३९० रुग्णांवर चार वर्षांहून जास्त काळ चाललेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-बारा सुमारे १९ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. ती माणसं मांसाहारी देशातली. आपल्या ताटात मुळात कमी, आणि त्यातून आणखी कमी होणार.

बी-बारा कमी झालं की टँकर वेडेवाकडे बनतात. आकारानं मोठे, पण संख्येनं कमी. आणि केवळ रक्तच बिघडत नाही, नसाही बिघडतात. तळपायाला मुंग्या, बधिरपणा, जळजळ, अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा. आता हीच लक्षणं शुगरमुळं नसा खराब झाल्या तरी येतात. एक मायबहीण तीन वर्षं पायाच्या मुंग्यांसाठी शुगरची औषधं वाढवून घेत होती. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. तपासलं तेव्हा बी-बारा अगदी तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली, रक्त भरलं, मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. थोडा बधिरपणा मात्र राहिला तो राहिलाच. नसांचं असं आहे, उशीर झाला की सगळं परत मिळत नाही.

आणखी एक धोका. रक्तवाढीच्या पुष्कळ गोळ्यांत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं. बी-बारा कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्ताचा आकडा सुधारलेला दिसतो, आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं. म्हणून मेडिकलवाल्याकडून "रक्तवाढीची द्या" म्हणून बाटली उचलायची नाही.

इथं दोन गोष्टी कृपा करून लक्षात ठेवा. एक, हे ऐकून मेटफॉर्मिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. गोळी चालू ठेवायची आणि बी-बारा अधूनमधून तपासायचं, कमी असेल तर भरून काढायचं. दुसरी, कुणी डॉक्टर म्हणाले की "अंडी खा, मटण खा, तरच रक्त वाढेल," तर रागावून दवाखाना सोडू नका. माळ काढायची काहीच गरज नाही. बी-बाराचं औषध कारखान्यात सूक्ष्म जंतूंच्या आंबवण्यातून तयार करतात, जसं विरजणातून दही. ते गोळीत मिळतं, इंजेक्शनातही मिळतं. कॅप्सूलचं कवच मात्र बरेचदा प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनचं असतं. तुमचा नेम असेल तर तसं सांगा आणि साधी गोळी मागा. डॉक्टरांना मोकळेपणानं सांगितलं की "आम्ही माळकरी आहोत," तर त्यांनाही तपासणी कुठून सुरू करायची ते कळतं.

तिसरं कारण, किडनी. मूत्रपिंड नुसती लघवी गाळतं असं आपण समजतो. पण त्याच्याकडं आणखी एक काम आहे. हाडांच्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात, आणि तिथं "पेशी तयार करा" असा निरोप मूत्रपिंड धाडतं. त्या निरोपाचं नाव एरिथ्रोपोएटिन. शुगरनं किडनी खराब होत गेली की हा निरोप क्षीण होतो. कारखाना आहे, पत्रा आहे, कामगार आहेत, पण कामाचा हुकूमच येत नाही. शुगरवाल्यांत हे इतर किडनीच्या रुग्णांपेक्षा लवकर सुरू होऊ शकतं. किडनी सुरुवातीला दुखत नाही, बोलत नाही. कधी कधी रक्त कमी होणं हाच तिचा पहिला आवाज असतो.

म्हणून शुगरवाल्यानं वर्षातून एकदा दोन तपासण्या करायच्याच. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायावर सूज येणं, ही उशिराची लक्षणं. तोवर थांबायचं नाही.

किडनीमुळं रक्त कमी असेल तर नुसत्या लोहानं भागेलच असं नाही. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मिळतात. पण तीही हिशेबानंच घ्यायची. मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या चार हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. या जातीच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन १३ पर्यंत न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या गटात पक्षाघाताचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट निघालं. तेव्हापासून डॉक्टर अशा रुग्णांत आकडा मुद्दाम थोडा खालीच ठेवतात. घरच्यांनी "आणखी वाढवा, पूर्ण करा" म्हणून मागं लागू नये. औषध किती द्यायचं, हाही औषधाचाच भाग आहे.

चौथं कारण जुनी जखम किंवा जुना संसर्ग. पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही, किंवा अंगात कुठं तरी सूज-पू आहे. अशा वेळी शरीर आपलं लोखंड कोठारात टाकून कुलूप लावतं. लोह आहे, पण कामाला येत नाही. लोहाच्या गोळ्या कितीही गिळल्या तरी फरक पडत नाही. कुलूप उघडायची किल्ली म्हणजे ती जखम बरी करणं. आणि गंमत बघा, रक्त कमी असलं की जखमेपर्यंत प्राणवायू पोचत नाही, म्हणून जखम भरत नाही. जखम भरत नाही म्हणून रक्त वाढत नाही. या फेऱ्यात माणसाचा पाय जातो.

आणि पाचवं, जन्मानं आलेले रक्ताचे आजार, सिकलसेल आणि थॅलेसेमिया. विदर्भात, नंदुरबारकडं सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. घराण्यात कुणाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आता तुम्ही म्हणाल, रक्त थोडं कमी असलं तर बिघडलं कुठं? आम्ही कामं करतोच की. बिघडतं ते असं. टँकर कमी झाले की हृदयाला तेच टँकर जास्त फेऱ्या मारून पळवावे लागतात. शुगरवाल्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद होत असतात. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढायचा असतो, तेव्हा हा जादा बोजा उघडा पडतो. छाती धडधडते, धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते. शुगर आणि रक्तक्षय दोन्ही असलेल्यांत हृदय, किडनी आणि डोळ्याचा पडदा यांचे त्रास जास्त आढळतात.

आणखी एक बारीक गोष्ट. तीन महिन्यांची शुगर म्हणून जी तपासणी करतात, एचबीएवनसी, ती मोजली जाते हिमोग्लोबिनवरच. पेशीला किती साखर चिकटली ते बघतात. मग पेशीच बिघडलेल्या असतील तर माप चुकणार. लोह कमी असेल तर हा आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. रक्त गेलं असेल, रक्त चढवलं असेल, सिकलसेल असेल किंवा एरिथ्रोपोएटिन चालू असेल तर कमी दिसू शकतो. वजनकाटाच बिघडला तर धान्याला दोष देऊन काय उपयोग? बोटाच्या शुगरचा आणि तीन महिन्यांच्या शुगरचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरांना विचारा, "साहेब, रक्त कमी असल्यामुळं तर नाही?"

आता जेवणाचं. लाल दिसतं ते रक्त वाढवतं अशी समजूत आहे. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून रक्त वाढेल. रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. गुळाचंही तसंच. "गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा, रक्त वाढतं," हे सल्ले प्रेमाचे आहेत. पण गुळात थोडंफार लोह असलं तरी मुख्य माल साखरच. शुगरवाल्यानं रक्तासाठी गूळ खाणं म्हणजे एक दार बुजवायला दुसरं फोडणं. टॉनिकच्या बाटल्याही बहुधा गोडच असतात.

मग खायचं काय? बाजरीची भाकरी, हुलगे, मटकी, हरभरा, चवळी, राजगिऱ्याचा आणि शेवग्याचा पाला, माठ, तीळ, अळीव. अळिवाचा लाडू नको, भिजवून लिंबू पिळून घ्या. कडधान्याला मोड आणले तर त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. ताटात लिंबाची फोड, आवळा किंवा एखादी पेरूची फोड असावी. आंबट पदार्थांतल्या सी जीवनसत्त्वामुळं लोह शोषलं जातं. भाजी लोखंडी कढईत करा. किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र पालेभाज्या आणि डाळी किती खायच्या ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि चहा. वारीत पावलापावलावर चहा मिळतो, देणारा हात जोडून देतो, नाही कसं म्हणायचं? पण जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा अन्नातलं लोह अडवून धरतो. जेवण आणि चहा यांत निदान तासभर अंतर ठेवा. लोहाची गोळीही चहा, दूध किंवा पित्ताच्या गोळीबरोबर घेऊ नका. साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर, साखर न घालता, घ्या. पोट दुखलं, बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, ते प्रमाण किंवा गोळी बदलून देतात. आकडा सुधारला म्हणून महिन्याभरात सोडू नका. कोठार भरायला आणखी काही महिने लागतात.

एकादशीचं विचाराल. उपवास सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिठूळ. त्यात लोह नाही, प्रथिन नाही, आणि शुगर मात्र झटक्यात वर. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ताक, दही असं घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि शुगर उतरवणाऱ्या जोरदार गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी आणि लांब टप्प्याच्या दिवशी डोस किती घ्यायचा, हे आधीच विचारून ठेवावं. वाटेत घेरी आली तर ती रक्ताची की शुगर उतरल्याची, हे अंदाजानं ओळखू नका. बोटाची शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. मोजायचं यंत्र जवळ नसेल आणि माणूस घामाघूम, थरथरत असेल, तरीही साखर-पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. छातीत दुखतंय, बसल्या जागी धाप लागतेय, शुद्ध हरपली किंवा काळी संडास होऊन अंग गळालं, तर १०८ ला फोन करायचा. पुढच्या मुक्कामाची वाट बघायची नाही.

मायबहिणींसाठी वेगळे दोन शब्द. घरात सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही जेवता. भाजी संपलेली असते, कोरड्यास तळाला उरलेलं असतं, मग चटणी-भाकरीवर भागवता आणि वर चहा घेता. सून थकली तर आळशी, सासू थकली तर म्हातारी. थकवा हा काही बाईचा स्वभाव नव्हे, माउली. घरच्या पुरुषांनी हे ऐकावं. दिंडीत तुम्ही सगळ्यांच्या पाया पडता, माउली म्हणता. घरातल्या माउलीचं हिमोग्लोबिन किती आहे, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

शेवटी करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. ज्याला शुगर आहे त्यानं वारीला निघायच्या महिना-दीड महिना आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील. हिमोग्लोबिन, शुगर, बीपी, क्रिएटिनिन आणि लघवी एवढं तपासून घ्यावं. एवढा वेळ यासाठी की काही निघालं तर उपचार सुरू व्हायला सवड मिळते. हिमोग्लोबिन कमी निघालं तर केवळ गोळ्या घेऊन परतू नका. एक प्रश्न विचारा, "साहेब, रक्त कमी कशामुळं झालं?" लोह, बी-बारा, किडनी की गळती, याचं उत्तर मिळेपर्यंत विचारा. तिथं सोय नसेल तर मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवायला सांगा. आकडा ८ च्या खाली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पायी चालायचं नाही. त्या वर्षी गाडीतून या, नाही तर घरी थांबून हरिपाठ करा.

एका टाळकरी बाबांना आम्ही असंच थांबवलं होतं. फार वाईट वाटलं त्यांना. तीस वर्षांत एक वारी चुकली नव्हती. मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीनं बघितलं तर पोटात व्रण निघाला, गुडघ्याच्या गोळ्यांनी झालेला. औषध झालं, लोह भरलं आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा आपल्या जागेवर टाळ घेऊन उभे राहिले. एक वारी चुकली, पण पुढच्या वाऱ्या हाती आल्या.

दिंडीकडं आमचं एकच मागणं आहे. आपल्या नोंदवहीत नाव, गाव आणि भिशीचा हिशेब असतोच. त्यात शुगर असणाऱ्यांच्या नावापुढं आणखी दोन रकाने आखा. एकात चालू औषधं आणि एकात यंदाचं हिमोग्लोबिन. खर्च काहीच नाही. रकाना रिकामा दिसला की विणेकरी महाराजांनी फक्त विचारायचं, "माउली, यंदा रक्त तपासलं का?" आम्ही शंभर वेळा सांगून जे होणार नाही, ते त्यांच्या एका शब्दानं होईल.

आमचं बोलणं लांबलं. भोजनाची वेळ झाली, पंगत बसायची आहे. आज वाढप्यांना आम्ही सांगून ठेवलंय, मोडाची मटकी आहे, पानात लिंबू आहे, आणि चहा तासाभरानं मिळेल.

राम कृष्ण हरी.